नाव कोणत्या रकान्यात आहे?

आम्ही ग्रामसंघाच्या ताया बोलतोय. दुपारची भाकरी झाली असेल, कुणी निवडायला बसली असेल, कुणी रानात मोबाइलवर ऐकत असेल. कामाला हात लागू दे, कान इकडे असू दे.

आज बोलायचं आहे हप्त्याबद्दल. किसानचा हप्ता आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. पडायच्या आधी आठ दिवस पारावर चर्चा, गिरणीवर चर्चा, बँकेच्या दारात रांग. घरात मात्र आधी कुणाला कळतं? ज्याच्या मोबाइलवर मेसेज येतो त्याला. आणि तो मोबाइल बहुतेक घरी मालकाच्या खिशात असतो.

पैसे किती ते आधी सांगू. केंद्राची प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० चा एक हप्ता. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती, पुढे जून २०१९ पासून ती मर्यादा निघाली. मग २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी आणली, तिचेही ६,०००. ज्याला किसानचा हप्ता मिळतो त्यालाच नमोचा मिळतो, वेगळा अर्ज नाही. दोन्ही धरून वर्षाचे १२,००० झाले. महिन्याला हजार रुपये.

फार नाहीत, पण थोडेही नाहीत. डीएपीचं पोतं १,३५० ला आणि युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली, तर एका हप्त्यात एक डीएपी, दोन युरिया आणि वर ११७ रुपये. म्हणजे दुकानदाराने लिंकिंगच्या नावाखाली दुसरं काही गळ्यात मारलं नाही तर. पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या दारात जायचं टळतं, हे आम्ही पाहिलेलं आहे. म्हणून या पैशाला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. हा पैसा शेती करणाऱ्याला मिळत नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला मिळतो. आपल्याकडे ही दोन माणसं पुष्कळदा वेगळी असतात.

खुरपायला कोण असतं? कापूस वेचायला कोण? सोयाबीन कापताना हाताला शेंगांची टोकं कुणाच्या टोचतात? ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि सरकारची स्वतःची मोजणी बघा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरात शंभर शेतखात्यांपैकी बायांची साधारण चौदा निघाली. २४ फेब्रुवारी २०२५ ला किसानचा १९वा हप्ता वाटला, तेव्हा ९ कोटी ८० लाख शेतकऱ्यांपैकी २ कोटी ४१ लाख बाया होत्या, असं सरकारनेच सांगितलं. म्हणजे चारांत एक. बाकीच्या तिघी रानातच होत्या, कागदावर नव्हत्या. आणि ज्या दुसऱ्याचं रान बटईने, ठोक्याने करतात किंवा मजुरीला जातात, त्या तर या हिशेबातच नाहीत. बटईदाराला हा हप्ता नाही.

आता नियम नीट ऐका, कारण गावात यावर अर्धवट माहिती फार फिरते. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. एका कुटुंबाला एकच लाभ. नवऱ्याच्या नावावर वेगळं खातं आहे, बायकोच्या नावावर वेगळं आहे, म्हणून दोघांनी हप्ता घेतला तर ते नियमात बसत नाही आणि पडताळणीत अडकतं. सरकारी नोकर, आयकर भरणारे, महिन्याला १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे यांनाही नाही. नोकर आणि पेन्शनवाल्यांत शिपाई वर्गाला तेवढी सूट आहे. आणि महत्त्वाची तारीख: १ फेब्रुवारी २०१९. त्या दिवशी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर खरेदीने किंवा वाटणीने नाव लागलं असेल तर नाही. फक्त एक वाट मोकळी ठेवली आहे, ती मयताच्या वारसाची. ही वाट बायांच्या सगळ्यात कामाची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

हप्ता अडकतो तो बहुधा तीन ठिकाणी: ई-केवायसी झालेली नसते, जमिनीची नोंद पोर्टलवर जुळलेली नसते, किंवा आधार बँकेला जोडलेलं नसतं. आता शेतकरी ओळख क्रमांकही मागतात. सेवा केंद्रात ही कामं होतात. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हा पैसा आधारवर येतो, आणि आधारला जे बँक खातं सगळ्यात शेवटी जोडलं असेल त्यात जाऊन पडतो. गटातल्या एक वहिनी तीन हप्ते बुडाले म्हणून रडत होत्या. बुडाले नव्हते. लाडकी बहीणसाठी घाईघाईने दुसरं खातं उघडलं होतं, त्यात ६,००० रुपये निवांत पडून होते. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. तेव्हा हप्ता आला नाही म्हणून कुणाला हजार-पाचशे देण्याआधी आपली सगळी पासबुकं भरून आणा.

लाडकी बहीणचं नाव निघालंच आहे तर तो हिशेबही मांडू, कारण त्याच्यावरून घराघरांत बायांचं नाव मागे ओढलं जातंय.

लाडकी बहीणचे महिन्याला १,५००. पण ज्या बाईला तिच्या स्वतःच्या नावावर किसान आणि नमोचे महिन्याला हजार मिळतात, तिला लाडकी बहीणचे फक्त वरचे ५०० मिळतात. आता घरातला माणूस बोटं मोजतो. हप्ता माझ्या नावावर राहिला तर माझे वर्षाचे १२,००० आणि तुझे १८,०००, घरात ३०,०००. हप्ता तुझ्या नावावर गेला तर १२,००० आणि ६,०००, घरात १८,०००. बारा हजारांचा तोटा. मग तो म्हणतो, बघ बाई, तुझं नाव नकोच सातबाऱ्याला, आपलंच नुकसान आहे.

गणित बरोबर आहे, पण त्याचा शेवट चुकीचा काढलाय. सातबाऱ्यावर नाव असणं आणि हप्त्याची लाभार्थी असणं या दोन गोष्टी आहेत. नवरा लाभार्थी आहे तोवर बायकोचं नाव त्याच्या बरोबरीने सातबाऱ्यावर लागलं म्हणून तिचे १,५०० कमी होत नाहीत. उलट नवऱ्याच्या हयातीत आज नव्याने नाव लागलं तर २०१९ च्या तारखेमुळे तिला किसानचा हप्ता मिळायचाच नाही, मग कापतील काय? लाडकी बहीणमध्ये जमिनीची अट सुरुवातीला होती, ती २०२४ मध्येच काढून टाकली. हे घरी असंच सांगा. आणि आमचं मत विचाराल तर सांगतो, योजना एका शासन निर्णयाने येते आणि एका शासन निर्णयाने जाते. सातबाऱ्यावरचं नाव तसं जात नाही. दोन्हींना एका तागडीत घालू नये.

पण ते नाव सातबाऱ्यावर आहे तरी कुठे, हे बघायला हवं. सगळी मेख तिथे आहे.

आम्ही गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की सातबारे वाचायला घेतो. पुष्कळ जणी म्हणतात, आमचं नाव आहे की. उतारा उघडून पाहिला की नाव असतं, पण उजव्या बाजूला, इतर हक्काच्या रकान्यात. जमिनीचा धनी ज्याला म्हणायचं ती नावं असतात भोगवटादाराच्या रकान्यात. बाप गेला की मुलांची नावं भोगवटादार म्हणून आणि आई-बहिणींची इतर हक्कात टाकायची, ही जुनी रीत. त्या वेळी कुणाला त्यात काही वाटलंही नसेल. पण इतर हक्कातली बाई खातेदार नसते. तिच्या नावाचा आठ-अ निघत नाही. तिला किसानचा हप्ता नाही, पीककर्ज नाही, अतिवृष्टीचं अनुदान नाही.

दुसरी खूण आहे ए.कु.मॅ. नावाच्या मागेपुढे ही अक्षरं दिसली तर अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावावर सगळ्यांची जमीन लावायची पद्धत होती, त्याची ही खूण. धाकटा भाऊ जन्मभर त्या रानात राबला आणि गेला, तर त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतंच. मग त्याच्या बायकोने वारस म्हणून कुणाची वारस व्हायचं? ती सज्जावर गेली की भाऊसाहेब म्हणतात, तुमच्या मालकांचं नावच नाही. खोटं बोलत नाहीत ते. म्हणून माणसं हयात असतानाच हे नीट करायचं असतं. भावाभावांनी बसून नावं लावून घ्यायची.

तिसरी खूण अ.पा.क. ही सगळ्यात फसवी, कारण तिच्यात बाईचं नाव ठळक दिसतं. आमच्या गटातल्या एक मावशींचं सांगतो. मालक वारले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. सातबाऱ्यावर नोंद झाली ती मुलाच्या नावाची आणि त्याच्यापुढे अ.पा.क. म्हणून मावशींचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान आहे तोवर त्याच्या वतीने सांभाळणारी. मावशींना वाटलं रान आपल्या नावावर झालं. नऊ वर्षं त्यांनी ते एकटीने केलं, विहिरीचं कर्ज फेडलं. मुलगा अठराचा झाला, तो शेरा निघाला, त्याच्याबरोबर मावशींचं नावही निघालं. मुलीचं तर कधी लागलंच नव्हतं. मावशींना हे कधी कळलं, तर एक दिवस परका माणूस बांधावर पावलं मोजताना दिसला तेव्हा. मुलाने एक एकराचा सौदा बोलला होता. मुलगा वाईट नाही, त्याला पिकअप घ्यायची होती, कुणीतरी भरीला घातलं. पण आईला विचारायची त्याला कायद्याने गरजच नाही असं त्याला सांगण्यात आलं होतं.

ते चूक होतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. त्यात नवरा गेला की त्याच्या वाट्याला बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा वाटा सारखा. मावशी मुलाच्या वतीने वारस नव्हत्या, स्वतःच्या हक्काने होत्या. मुस्लिम बहिणींचा हिस्सा वेगळ्या हिशेबाने निघतो, पण बायकोला हिस्सा तिथेही आहे.

आम्ही मावशींबरोबर जाऊन जुन्या फेरफाराची नक्कल काढली. सातबाऱ्यावर नावापाशी एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. नाव कधी, कशाने, कुणाच्या अर्जावरून लागलं ते सगळं त्या फेरफारात असतं. एकदा मंजूर झालेला फेरफार तलाठी बदलू शकत नाही, त्यासाठी प्रांताकडे अपील करावं लागतं. ते केलं आहे. तारखा चालू आहेत. तालुक्याला जायचं तर मजुरी बुडते, एसटीचं अर्धं तिकीट आहे एवढाच आधार. घेणाऱ्याने मात्र अपिलाचा कागद पाहिल्यावर सौदा सोडला. मावशी आणि मुलगा एकाच घरात राहतात, एका ताटलीत जेवतात, आणि तारखेला एकाच गाडीने जातात. आम्हाला त्यावर हसू येतं आणि येत नाही.

म्हणून कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर दिवस-कार्य झालं की कागदाचं बघायचं. बोलायला जड वाटतं, पण तेव्हा गप्प बसलेली बाई पुढे पंधरा वर्षं खेटे घालते. कायद्याने वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, साधा अर्ज. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, सातबारा आणि आठ-अ. अर्ज ऑनलाइन ई-हक्कवरूनही करता येतो. आधी वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार लिहिला जातो, मग संबंधितांना नोटीस निघते. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. हरकत आली तर सुनावणी लागते, तिला गेलंच पाहिजे, न गेलेल्याचं कुणी ऐकत नाही. या नोंदीला मुद्रांक शुल्क लागत नाही, खरेदीखत लागत नाही. अर्ज दिला की पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख असलेली. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

अर्जात तीन गोष्टी बघा. आपलं नाव वारस म्हणून स्वतंत्र लिहिलं आहे ना. मुलीचं नाव आहे ना. आणि नुसतं अ.पा.क. म्हणून तर लावत नाहीत ना. घाईत अंगठा देऊ नका. हक्कसोडपत्रावर तर नाहीच नाही. वाचून दाखवा म्हणायचं. वाचून दाखवायला कुणी नसेल तर आम्हाला फोन करा, आम्ही येतो.

काही घरांत काय करतात तेही ऐका. माणूस गेला तरी सांगत नाहीत. हप्ता चालू राहतो, एटीएम पोराकडे असतं, चार महिन्यांनी दोन हजार काढायचे. पुढे ई-केवायसीला अंगठा किंवा चेहरा लागतो तेव्हा हप्ता थांबतो, आणि मरणानंतर पडलेले पैसे परत मागितले जातात. ते एक. पण त्याहून मोठी गोष्ट ही की दोन हजारांसाठी मयताचं नाव सातबाऱ्यावर ठेवलं, म्हणजे विधवेचं नाव लागायचं लांबलं. सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यात अतिवृष्टीने रानं खरवडून गेली, त्या वेळी मदत खातेदाराच्या नावावर आली. खातेदार मयत असला तर ती अडकली. वारस नोंद असती तर? शिवाय किसानची जी एक वाट मोकळी आहे म्हणालो ती हीच. वारसाने नाव लागलं की तिला स्वतःच्या नावाने नव्याने नोंदणी करता येते. तेव्हा लाडकी बहीणचे ५०० होतील, हे खरं. महिन्याचा आकडा तिच्यापुरता तोच राहील. पण कर्ज, अनुदान, विमा यांच्यासाठी दुसऱ्याच्या सहीकडे बघावं लागणार नाही.

मालक हयात आहेत त्या घरांसाठी लक्ष्मीमुक्ती आहे. आपल्यातल्या म्हाताऱ्या आयांना आठवत असेल, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ ला चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. पुढे तिथूनच हा विचार निघाला की शेतकऱ्याने घरच्या लक्ष्मीचं देणं फेडावं, थोडी जमीन तिच्या नावावर करावी. गावोगाव माणसांनी केलीही. १९९२ ला राज्याने त्याचा शासन निर्णय काढला. नवऱ्याने स्वतःहून अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. यात अडचण एकच, अर्ज नवऱ्याने द्यायचा असतो. भांडून होत नाही. आमच्या गावात ज्या चार-दोन घरांत झालं, तिथे आधी हाच वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तुमचा हप्ता तुमच्याकडेच राहतो, हिचे पंधराशेही राहतात म्हणून. मग सही झाली.

२०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, मयतांची नावं काढून वारसांची लावायला. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात सुरुवात होऊन पुढे राज्यभर झाली. पुष्कळ नोंदी झाल्या, चांगलं झालं. पण घाईत नोंदी झाल्या तिथे बायांची नावं कोणत्या रकान्यात गेली हे बघून घ्या. झालंय म्हणून गप्प बसू नका.

येत्या शनिवारी दुपारी दोनला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आपण सातबारा वाचायला बसणार आहोत. महाभूलेखवर उतारा फुकट बघता येतो, सही असलेला हवा तर पंधरा रुपये लागतात. आपला गट नंबर किंवा मालकांचं पूर्ण नाव लिहून आणा, उतारा आम्ही मोबाइलवर उघडू. ज्यांचा हप्ता अडकलाय त्यांनी आधार, सगळी पासबुकं आणि जोडलेला नंबर असलेला मोबाइल आणायचा, भले तो मालकांच्या खिशातून मागून आणावा लागला तरी. किसानची चौकशी १५५२६१ या नंबरवरही होते. ज्यांच्या घरी वारस नोंद राहिली आहे त्यांनी मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती आणा. आणि चष्मा असेल तर तोही आणा, फेरफारातली अक्षरं फार बारीक असतात.